लव्हडे

लव्हडे नॅनकॅरो, वय एकाहत्तर,
दर पंधरवड्याला मंगळवारी, कॉर्नवॉलच्या त्या उघड्या टेकाडावर
माझ्या फिरत्या वाचनालयाच्या गाडीत चढते,
पायरीवर बुटांचा चिखल खरवडून,
आणि खुनांच्या कादंबऱ्या नेते. चार. मोठ्या टायपातल्या.

त्या दिवशी पाऊस आडवा होता, दुसरं कोणी नव्हतं.
म्हणाली, ह्या नावावरून शाळेत पोरं फार छळायची.
प्रेमाचा दिवस म्हणे!
माझ्या वाट्याला तर एकही आला नाही,
निदान मोजण्यासारखा.

मी जाडा शब्दकोश काढला,
पानांना डिझेलचा वास.
वाचून दाखवलं:
फार जुन्या काळी कोर्टाची पायरी चढण्याऐवजी
भांडणाऱ्यांना एक दिवस नेमून देत.
दोन्हीकडची माणसं, मध्ये पंच,
आणि बांध कुणाचा, मेंढरू कुणाचं, सांडलेलं रक्त कुणाचं
ते बोलून मिटवायचं.
त्या दिवसाचं हे नाव.
त्या दिवशी जन्मलेल्या लेकराचंही.

खाली बारीक अक्षरात आणखी होतं:
काही जण समेटाला हत्यारं घेऊन यायचे
आणि वैर दुप्पट करून परतायचे.
तेवढं मी गाळलं.

तिने चष्मा पुसला. पुन्हा पुसला.
"कुठल्या वारी असायचा हा दिवस?"
ठरवावा लागायचा, मी म्हटलं. दोघांनी.

पास्को, तिचा धाकटा भाऊ, दोन मैल खाली राहतो.
एका फाटकावरून बोलणं तुटलं त्याला एकोणीस वर्षं झाली;
फाटक तर केव्हाच कुजून गेलं.
माझा पुढचा थांबा त्याच्या दारात.
चढला की विचारतो, "वरून काय आलंय?"
आणि ती परत करते तीच चार पुस्तकं नेतो.
हे तिला ठाऊक आहे का, मी कधी विचारलं नाही.

पुढल्या खेपेला तिच्या एका पुस्तकात, खुनी सापडतो त्या पानावर,
समासात पेन्सिलीने लिहिलेलं:
शुक्रवार. तीन वाजता. खालच्या फाटकाशी.

पुस्तकात लिहिण्याला दंड आहे.
माझ्या खणात खोडरबरही आहे.

पास्कोने चारही चाळली.
त्या पानाशी अंगठा जरा थबकला, की मला वाटलं.
"हे वाचलंय मी," म्हणाला,
आणि बाजूला ठेवलं.
बाकीच्या तिन्हींवर मी शिक्का मारला.
तो दारापर्यंत गेला, पावसाकडे बघत उभा राहिला.
मग मागे वळून:
"दे तेही. शेवट आठवत नाही."