ट्रॅक नऊ

पन्नास तबकड्यांचा डबा स्वस्त मिळाला म्हणून आणला.
सहा घातल्या, सहाही मशीनने परत दिल्या,
पंगतीत आग्रहाच्या वाढपावर हात आडवा धरावा तशा.
डेटनमध्ये त्या दिवशी गुडघाभर बर्फ. पुन्हा दुकान.
काउंटरवरचा ट्रॅव्हिस म्हणाला, ह्या कॉम्प्युटरच्या.
तुमच्या रेकॉर्डरला 'म्युझिक' छापलेल्याच लागतात.
दिसायला डिट्टो. किंमत अडीचपट.
गाण्याचा कर म्हणे आधीच भरलेला असतो त्यात.
मी म्हटलं, गाणारा गेला, आता कुणाला पोचायचा?
त्यानं पावती फाडून दिली.

तळघरात कॅसेट लावली. सत्त्याऐंशीचा नोव्हेंबर,
ह्याच तळघरात विद्याधर फाटक, नारिंगी गालिच्यावर.
मध्येच भट्टी पेटल्याचा धप्प आवाज,
वरून कुकरच्या शिट्ट्या, तिसरी नेमकी समेवर,
आणि कुणीतरी कुजबुजतं,
"गाडी काढा हो, मागची अडकलीय."
तो मी. इतका तरुण, की ओळखलंच नाही.

मशीन शिस्तीचं.
तीन सेकंद शांतता झाली की त्याला वाटतं गाणं संपलं,
पुढचा आकडा लावून मोकळं.
अंतऱ्याच्या तोंडाशी फाटक थांबले.
पेटीवरची रेग्यांची बोटंही उचललेली.
शब्द विसरले असणार.
एकाच गाण्याचे दोन तुकडे: आठ, आणि नऊ.

चुकलं तर पुसता येत नाही ह्या तबकडीवर,
पाटी नव्हे ही, थुंकी लावून फडकं फिरवायला.
नवी कोरी घ्यायची, पहिल्यापासून बसायचं.
कोरा चहा निवत गेला.

कुमुदवहिनींना फोन केला, म्हटलं, एक दिवस जास्त लागेल,
फाटक जिथं विसरले तिथं मशीन फसलंय.
पलीकडे जरा वेळ काहीच नाही.
मग म्हणाल्या,
"विसरले नव्हते ते.
मी कुकर उतरवायला वर गेले होते. थांबले माझ्यासाठी."

हेडफोन घालून पुन्हा ऐकलं.
भट्टी गप्प. टेपची खरखर.
आणि खरखरीच्या तळाशी, अगदी अंधुक,
लाकडी जिन्यावर अनवाणी पावलं, घाईची,
एक पायरी गाळून.

झाकणातल्या कागदावर यादी लिहायची होती.
नऊच्या पुढे लिहिलं: वहिनी येतात.
मग ते शेवटचं बटण दाबलं,
ज्याच्यानंतर काही भरता येत नाही,
आणि ज्याच्याशिवाय दुसऱ्या कुणाकडे वाजत नाही.
सहा मिनिटं कोरीच राहिली.
दिवा बराच वेळ लाल होता.