सात जर्सी, शुक्रवारपर्यंत

सकाळी आठला त्यांचा माणूस आला, खोकं काउंटरवर ठेवलं.
टीम विकली गेली. शनिवारी लिलाव.
मी पावती केली : अ‍ॅक्रन मोल्डर्स, बास्केटबॉल,
जर्सी, नग सात. धूळ फार.

बाकीच्या टीम म्हणे नंबरांचे मोठे झेंडे शिवून घेतात.
ह्यांच्याकडे पैसे नव्हते,
ह्यांनी अंगातल्या खऱ्याच टांगल्या छताला.
खाली माणसं माना वर करून नावं वाचायची
आणि पॉपकॉर्न खात आपल्या बापांविषयी बोलायची.

मी एकही मॅच पाहिली नाही. दुकान रात्री नऊपर्यंत.
पण मी इचलकरंजीची,
कापड हातात आलं की बोटंच चौकशी सुरू करतात.

एकवीस, ऑर्व्हिल शूक.
डाव्या खांद्याची शिवण तीनदा उसवलेली, तीनदा घातलेली,
तिसऱ्यांदा घाईत, निळ्यावर काळ्या दोऱ्याने.
म्हणजे कुणीतरी सतत लोंबकळत असणार ह्या माणसाला.

सात, डेल्मार गेन्स.
पुढचा काठ विरलेला, तळहाताएवढाच.
फ्री थ्रोच्या आधी हात पुसायचा, बटन म्हातारे सांगतात.
आले होते एक कोट द्यायला,
दीड तास झाला, कोट अजून हातातच.

चव्वेचाळीस, टिबोर कोवाच. छातीवर रक्त, तपकिरी झालेलं.
"त्याचं नाही ते," बटन म्हणाले,
आणि इतके खूश झाले की मी थंड पाणी सोडताना
त्यांच्याकडे पाठ केली.

अकरा नंबरच्या आत, काखेजवळ,
लाल धाग्याची बारीक फुली. बाहेरून दिसत नाही.
लिथुआनियाचा पोरगा, एकोणीस वर्षांचा आलेला.
ही फुली कुणी घातली ते मला विचारू नका,
पण मशीनची नाही.

उरलेल्या दोघींबद्दल बोलण्यासारखं नाही.
चांगलं कापड, चांगली माणसं असतील.

मग एकतीस. लेव्हर्न टॉलिव्हर.
इथे बटन उभे राहिले.
ह्या नावावर गावात वाद नाही,
तो उडाला की खाली यायचं विसरायचा, म्हणाले,
आणि आम्ही पाणी प्यायचं.

मी ती ट्यूबलाइटसमोर धरली.
टॉलिव्हरच्या अक्षरांखाली सुईची भोकं,
दुसऱ्याच नावाची.
उसवून काढलेलं, पण नायलॉन विसरत नाही.
बोटाने चाचपत गेले, पाटीवर गिरवावं तसं :
बी. ई. ए. एस. एल. ई. वाय.

बीझली कोण?

बटन म्हाताऱ्यांनी कोट खुर्चीवर ठेवला.
"तीन मॅच," म्हणाले. "चार असतील. गुडघा गेला.
मग टायरच्या कारखान्यात, रात्रपाळीला."
थोडं थांबून : "हात सुंदर होता त्याचा."

नवी जर्सी शिवायला पैसे नव्हते, एवढंच.
जो सगळ्यांत मोठा झाला
तो आयुष्यभर दुसऱ्याच्या घामात खेळला, आणि त्याला
ठाऊक असेल, नसेल.
माझा भाऊ मंडळाकडून कबड्डी खेळायचा,
त्याच्या बनियनवर आठ रंगवलेला,
आठाखाली नीट पाहिलं तर तीन.
तेव्हा मी पाहिलं नव्हतं नीट.

अच्युत त्याच कारखान्यात केमिस्ट होते, टाळं लागेपर्यंत.
रात्रपाळीची माणसं सकाळी फाटकात भेटायची त्यांना.
आज असते तर विचारलं असतं,
एखादा उंच, लंगडत चालणारा?

वाफ दिली की भोकं मिटतात. दोन मिनिटांचं काम.
मी इस्त्री खांद्यापर्यंत नेली,
तिथून वळवली, खालून परत धरली.

शुक्रवारी त्यांचा माणूस एकेक उलटून बघत गेला.
एकतीसच्या पाठीवर थांबला.
"इथे सुरकुत्या राहिल्यात."

"जुनं नायलॉन आहे," मी म्हटलं,
"जास्त तापवलं तर जळतं."
आणि सुटे पैसे मोजून त्याच्या हातात दिले.