छत्रीचा रंग

चिवडा गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर.
खाली कढईत पोहे फुलतायत
आणि वर आम्ही सातजण सतरंजीवर,
मध्ये माझी एकोणीस झेरॉक्स पानं,
कोपऱ्यांना आधीच तेलाचे डाग.

सिनेमा सगळ्यांचाच.
कुणाच्या आईनं तो सातव्या महिन्यात पाहिलेला,
कुणी शेजाऱ्यांच्या उंबऱ्यावर बसून, दूरदर्शनवर,
गार्गीनं फोनवर, तीन तुकड्यांत,
रात्रपाळीला नेणाऱ्या गाडीत.
शेवट तोंडपाठ:
भाऊचा धक्का. रेवसची बोट.
ती, ट्रंककॉल जोडणारी, हातात मिटलेली छत्री.
भोंगा होतो. फळी ओढून घेतात.
ती चढत नाही.

मी तिला चढवलं.
एवढाच माझा गुन्हा, एकोणीस पानांचा.

"आयत्या बिळावर नागोबा," ठसाळे म्हणाले.
पोस्टातून निवृत्त. पत्ता चुकलेलं पाकीट धरावं
तशी दोन बोटांत धरलेली माझी पानं.
"ती चढली नाही म्हणून तर इतकी वर्षं
आमच्यात राहिली.
तुम्ही तिला पाठवून दिलंत."

मला उत्तर सुचलं नाही.
रात्री सुचलं, भांडी घासताना.
ते आता लिहीत नाही.

गार्गी म्हणाली, "काका, याला फॅनफिक्शन म्हणतात.
मूळ आहे तिथंच आहे, कुणी पुसलंय का?"
"नाव ठेवलं की बारसं होतं, बाळ,
पोर आपलं होत नाही."

"ते राहू द्या हो," फिलोमिना डिमेलो,
चाळीस वर्षं वॉर्डात काढलेला आवाज.
"पान सहा. छत्री हिरवी कशी? काळी होती."
सिनेमा काळापांढरा होता, मी म्हटलं.
"तरी काळीच."
"निळी," इरावती म्हणाली, एकदम, जणू भांडायलाच.
"विटकरी, आमची आई सांगायची."
मग बराच वेळ नुसता रंगांचा गलका,
मासळीच्या भावासारखा,
आणि त्यात ठसाळे, अगदी हळू,
"मला जांभळी दिसते.
हिच्याकडे होती तसली. दांडी मोडकी."
कुणी हसलं नाही.

भिंतीला टेकून बसलेले शब्बीर मुकादम
तोवर एक शब्द बोलले नव्हते.
हे पानं वाचत नाहीत, डोळ्यांत मोतीबिंदू;
ऐकायला येतात, आणि चिवडा घेऊन जातात.
"मी दारावर होतो," म्हणाले, "मॅटिनीला.
बाहेर पुढच्या खेळाची रांग,
मॅनेजर पाठीशी घाई करणारा.
बोटीचा भोंगा झाला
की मी पडदा सारायचो, दार उघडायचो.
दुपारचं ऊन थेट आत.
धक्का, पाणी, बाई,
सगळं धुतल्या चादरीसारखं पांढरं.
सव्वीस आठवडे
आमच्या मॅटिनीला
ती थांबलेली कुणी पाहिलीच नाही.
लोक डोळे चोळत बाहेर यायचे.
काहीजण ती गेली असं समजूनच घरी गेले असतील.
मला कुणी विचारलं नाही.
मीसुद्धा पाठमोराच असायचो."

खाली झाऱ्यानं कढईचा काठ वाजवला.
फिलोमिनानं पान सहा उलटं ठेवलं.
गार्गी फोनवर काहीतरी शोधत होती, मग तिनं तो बंद केला.

जिन्यात ठसाळ्यांनी पानं परत दिली.
दिव्याखाली पाहिलं: शेवटच्या पानाच्या समासात
पेन्सिलीनं, पोस्टातल्या सरळ अक्षरात,
"रेवसहून शेवटची एसटी तेव्हा साडेसहाला सुटायची.
तुमची बोट लागते सातला.
रात्र तिला कुठंतरी काढावी लागेल.
बघा."