नव्व्याण्णव नंबरची बोट

तुर्कूच्या बंदरात गुरुवारी दुपारी
उणे अकरा होतं,
आणि एल्व्ही धक्क्यावर उभी, वय एक्याऐंशी,
हातात राईच्या पावांची पिशवी, फोनवर तिकीट:
बोट नव्व्याण्णव, हारमासारी बेट,
भाडं एक सेंट.

नव्व्याण्णव नंबरची बोट
तुइयानं बनवली होती, जूनमध्ये, चाचणीपुरती.
तिला तळ नाही, शिडी नाही,
डेटाबेसमधली एक ओळ फक्त,
तीही अशा सर्व्हरवर
जिथे खरं माणूस कधी यायचंच नव्हतं.

तुइयानं आधी सर्व्हर तपासला.
सर्व्हर तसा शहाणा:
उठला की खिशातली चिठ्ठी वाचतो,
आज घरी, तालमीत, की प्रयोगाला,
किल्ल्या कुठल्या, समुद्र कुठला.
चिठ्ठी बरोबर होती.
तरी तिनं त्याला झोपवलं, परत उठवलं.
नव्व्याण्णव तिथेच.

मग तिनं कॉफीचा मग
ओठापर्यंत नेऊन खाली ठेवला.

ब्राउझरला खिसाच नसतो.
त्याचा पत्ता बिल्डच्या वेळीच
पिठात मळला जातो,
आणि भाजलेल्या भाकरीतलं मीठ
कोण वेचून काढणार?
बुधवारी रात्री यॉर्माच्या मशीनवर
चाचणीचीच फाईल उघडी राहिली होती.
चारशे फोनांत चारशे भाकऱ्या.

"पासवर्ड नाही गेला त्यात, नशीब,"
यॉर्मा म्हणाला, कान लाल.
गेला असता तर थेट चव्हाट्यावर.
हातचं राखायचं ते सर्व्हरनं.
ब्राउझरला सांगितलं
ते गावाला सांगितलं.

नवा बिल्ड, सहा मिनिटं.
तेवढ्यात तुइया कोट न घालताच
रस्ता ओलांडून धक्क्यावर.
"आजी, ती बोट येणार नाही.
चूक आमची."

"माहीत आहे ग," एल्व्ही म्हणाली.
"चाळीस वर्षं इथूनच जाते मी,
नव्व्याण्णव नंबर कधी नव्हताच.
पण एक सेंट कापला ना माझ्या खात्यातून.
म्हटलं, बघावं तरी
कशी दिसते."

तुइयानं तिचा फोन घेतला, पान ताजं केलं.
जुनंच पान आलं, कुठल्या तरी कॅशमधून,
वर लिहिलेलं: बोट वेळेवर आहे.

मग दोघीही थोडा वेळ
पाण्याकडे बघत राहिल्या.