आकडा

पहिला आकडा तौनोने फोनवरच सांगितला:
चार लाख बारा हजार किलोमीटर.
वर म्हणाला, "त्यातले निम्मे परतीचे आहेत."

दुसरा त्याच्या अंगणातल्या थर्मामीटरवर होता.
उणे एकोणतीस.
इंजिन त्याने मुद्दाम तापवून ठेवलं नव्हतं.
पजेरोच्या नाकाखाली हीटरची वायर नुसती लोंबत होती,
विजेच्या खांबापासून हातभर दूर.
"गरम इंजिन कुणाचंही सुरू होतं," म्हणाला,
"तू गार बघून घे."

किल्ली फिरवली.
आत कुणी म्हातारं कुशीवर वळावं तसं झालं,
दोनदा खोकली, उठली.
काळा धूर, मग पांढरा, मग नुसता श्वास.

मी टॉर्च घेऊन बर्फात उताणी झोपले, गाडीखाली शिरले.
दुधाने तोंड पोळलेलं माणूस मी,
आता बर्फसुद्धा फुंकून घेते.
स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने चासी ठोकत गेले:
टण्, टण्, टण्,
आणि मागच्या डाव्या चाकाशी, थप्.
"तिथे गंज आहे." तौनोचे बूट माझ्या कानाशी.
"मार्चपर्यंत टिकेल. पुढचं वेल्डर जाणे."

गेल्या जानेवारीत, कोर्पिमाकीच्या चढावर,
घोडीचं पोट फुगलेलं, डॉक्टर नव्वद किलोमीटरवर,
आणि माझी छोटी गाडी, फक्त पुढच्या चाकांची,
जागच्या जागी धावत होती.
मागचा ट्रेलर हळूच आडवा होत
आरशात मोठा मोठा होत गेला.
आत ती टापा आपटत होती.
मग आपटेनाशी झाली.

तिचं शिंगरू आता माझ्या खांद्याला लागतं.

"वजन किती ओढायचंय?"
मी घोड्याचं सांगितलं, ट्रेलरचं सांगितलं.
बाकीचं त्याने विचारलं नाही.

मग मागे वाकून तो आकडा पाहिला,
दोर अडकवायचा, लोखंडी.
सगळी गाडी तांबेरलेली, हाच तेवढा
घासून घासून चांदीसारखा.
"काय ओढायचास तू एवढं?"
"लाकडं. होडी. एकदा चर्चची घंटा."
आणि मग बराच वेळ काहीच नाही.

स्वयंपाकघरात घासाघीस.
तो तीन हजार आठशे म्हणाला, मी तीन.
तो कॉफी ओतत राहिला.
हिल्क्काने पावाची थाळी माझ्याकडे सरकवली, नवऱ्याकडे न बघता बोलली,
"रात्री समोरचा एक दिवा त्याला चार दिसतो.
तीन घे रे, आणि सुट."
"तीन हजार दोनशे," तौनो म्हणाला, "दोर फुकट."
दोर मनगटाएवढा जाड होता, तेलकट, गाठींचा.
मला वाटलं, चांगुलपणा.

सोळाव्या रात्री वादळ. दीड वाजता फोन.
"हिरवी पजेरो तुमच्याकडेच ना?
कोर्पिमाकीवर अडकलोय. मुलं आहेत गाडीत."
कुणी दिला नंबर?
"पंपावर लिहिलाय की."

पंपावरच्या फळ्यावर, जुना नंबर खोडून,
हिल्क्काच्या गोल अक्षरात माझा.
तो फळा मीही पाहिला होता, वर्षानुवर्षं.
डिझेल भरताना कोण वाचतं.

शिव्या देत बूट चढवले. वायर उपटली.
चढाच्या मध्यावर, त्याच वळणाआधी, दिवे लुकलुकत होते.
छोटा दांडा मागे ओढला,
चारही चाकांनी रस्ता चाचपला, आणि धरला.
दोर ताठ झाला.
एक क्षण कुणीच हललं नाही,
ना ते, ना मी, ना ती टेकडी.
मग हललं.

वर पोचल्यावर तो माणूस खिडकीशी आला,
भुवयांवर बर्फ, हातमोजा काढून पाकीट चाचपत.
"किती देऊ?"

तौनोने सगळे आकडे सांगितले होते.
हा नव्हता सांगितला.

घरी येऊन वायर पुन्हा खांबाला लावली.
तबेल्यात शिंगरू जागंच होतं.