नखाएवढा उजेड

बोरा बाजारात जिन्याखाली माझं दुकान.
दोन टेबललॅम्प, एक स्टूल,
आणि डब्यात सिलिकाचे निळे खडे.
या शहराची हवा भिंगांना बुरशी लावते.
खडे गुलाबी पडले की घरी नेतो,
तव्यावर भाजून पुन्हा निळे करतो.

खारदांड्याच्या जयवंती केणी आल्या
रुमालात गुंडाळलेला कॅमेरा घेऊन.
खिशात मावेल एवढा, तीसपट झूम,
सोंड बाहेर आलेली, आत जाईना.
वाळू. दुसरं काय असणार.

टेबलावर आधीच उघडा पडला होता
पार्ल्याच्या एका लग्नवाल्याचा डीएसएलआर.
दोन्हींची पोटं शेजारी शेजारी.
एकाचा सेन्सर पोस्टाच्या तिकिटाएवढा,
दुसऱ्याचा करंगळीच्या नखाएवढा,
तोही नुकत्याच कापलेल्या.

सगळ्यांना समजावतो तसं बाईंनाही समजावलं:
नळाला पाणी दहाच मिनिटं.
कोणी खाली घंगाळ लावतं, कोणी फुलपात्र.
तुमचं फुलपात्र.
म्हणून दिवेलागणीला फोटोत दाणे येतात,
मग कॅमेरा ते दाणे घासत बसतो
आणि माणसाचा चेहरा मेणाचा होतो.

‘चेहरे कोण काढतंय?’ बाई म्हणाल्या.

कार्डात चारशे फोटो. सगळे समुद्राचे.
समुद्राचे तरी कसले,
समुद्र जिथे संपतो त्या रेघेचे.
रेघेवर धाकट्या भावाची, हरेश्वरची होडी,
पिवळा बावटा, त्यावर लाल पट्टी.
पुतण्याच्या हळदीला आलेल्या पोराने
त्याच्या मोठ्या कॅमेऱ्यातून एकदा काढून दिला होता:
‘लाट न् लाट मोजून घ्यावी इतका साफ, दादा,
पण होडी कुठाय?
तो म्हणे, त्याला वेगळं नळकांडं लागतं.
किंमत सांगितली.
तेवढ्यात आमचं इंजिन येतं.’

शेवटचा फोटो संध्याकाळी सात बाराचा.
राखाडीत राखाडी कालवलेली,
आणि मधोमध एक लाल ठिपका.
‘तो बावटा,’ बाईंनी नख टेकवलं.

मी मोठा करून पाहिला.
तसेच ठिपके खाली वाळूत दोन,
वर आभाळात तीन.
आभाळात कुठली होडी?
एवढ्याशा सेन्सरला अंधारात ताणलं
की तो असा बरळतो. आम्ही त्याला नॉईज म्हणतो.
दहा वर्षं गिऱ्हाइकांना हेच सांगत आलोय,
वाक्य अगदी जिभेवर होतं.

‘भाऊ आला का मग?’ विचारलं.
‘आयला ना. नऊ वाजता. दोन टोपल्या बोंबील.
तवर आम्ही नणंद-भावजया
ह्याच्याकडेच बघत बसलेलो, पाळीपाळीने.’

ब्रशने वाळू काढली. दात्यांत तेलाचा अर्धा थेंब.
सोंड आत गेली, बाहेर आली, आत गेली.
साडेतीनशे झाले, तीनशे घेतले.
ठिपक्याचं काही बोललो नाही.

सहाला लग्नवाला आला.
त्याचा सेन्सर पुसून ठेवला होता.
पांढऱ्या कागदाचा फोटो काढून
त्याने कोपरा न् कोपरा तपासला:
एक डाग नाही, एक कण नाही.
खूश होऊन पैसे मोजले,
चहा सांगायला नाक्यावर गेला.

तो परत येईपर्यंत
मी त्या पांढऱ्या फोटोत
काही दिसतंय का बघत होतो.