सेकंड माल

अक्कलकोट रोडच्या कारखान्यात
एकवीस वर्षं मी टॉवेल तपासतो.
ट्यूबलाइटखालून कापड सरकत राहतं.
तुटका धागा, तेलाचा थेंब, ओढला गेलेला लूप
बोटांना आधी कळतो, डोळ्यांना मग.
खडूनं गोल करायचा. पुढे.

म्हणून तो पहिला डागही बोटांनाच लागला,
डाव्या कानामागे, आठ आण्याएवढा:
केस नाहीत, कातडी कोरडी, वर पापुद्रा.
काळं कुळकुळीत मांजर. नाव पिल्ली.
आमच्या तेलुगूत मांजराला पिल्लीच म्हणतात.
मराठी शेजारी विचारतात, किती पिल्ली?
एकच, म्हणतो मी.

पाचव्या दिवशी, नळाला पाणी आलं त्या पहाटे,
दुसरा सापडला, बरगडीवर.
मग मागच्या पायावर तिसरा.
जणू कुणी रात्रपाळीला येऊन
माझाच खडू वापरून जातंय.

गल्लीनं निदान केलं.
बोद्धूलकाकू म्हणाल्या, पाल मुतली असणार.
गज्जम म्हणाला, रंगाच्या गटारीचं पाणी प्याली.
अंबव्वा म्हणाली, तंबाखूच्या सुपात झोपते, दुसरं काय होणार,
आणि विडी वळायची थांबली नाही,
पिल्लीला सुपातून उठवलंही नाही.
हळद लावली, करंजीचं तेल लावलं.
तिनं सगळं चाटून साफ केलं
आणि पिवळी जीभ दाखवत आमच्याकडे बघत बसली.

भाजीच्या पिशवीत घालून, सायकलच्या हँडलला,
जनावरांच्या दवाखान्यात नेली.
पुढे एक म्हैस, दोन शेळ्या, मग आम्ही.
डॉक्टर कलशेट्टींनी दिवे घालवले,
तिच्यावर जांभळा उजेड धरला.
काही चमकलं नाही.
'गजकर्ण असेल. नसेलही.
पुष्कळदा या उजेडात दिसतच नाही.'
चिमट्यानं चार केस काढून बाटलीत ठेवले.
'तीन आठवडे. तोवर मलम. चाटू देऊ नका,
जवळ घेऊन झोपू नका.'

कशानं झालं पण? मी विचारलं.
सगळ्याचं कारण सापडत नाही हो, म्हणाले.
मला ते पटेना. माझ्या टेबलावर सापडतं:
हा बॉबिनचा, हा सैल ताणाचा,
ही तिसऱ्या पाळीतल्या कुणाची तरी डुलकी.

श्रावंतीनं टॉवेलच्या खोक्याचा पुठ्ठा कापून
पिल्लीच्या गळ्यात कॉलर घातली.
'एक्सपोर्ट क्वालिटी' अशी अक्षरं मिरवत
ती तीन आठवडे दारांच्या चौकटींना धडकत फिरली.
सुगुणानं चादरी उकळत्या पाण्यात टाकल्या,
पाण्याच्या सहाव्या दिवशीसुद्धा.
मी रोज माझे हात तपासले, दंड, पोट.
कुठं काही नव्हतं.

बाटलीत काही उगवलं नाही.
पिल्लीच्या अंगावर उगवले, केस. पांढरे.
काळ्यावर तीन पांढरे गोल.
अंगठा ओला करून पुसूनही बघितले मी.

सुगुणा हसली, टाका आता हिला सेकंडमध्ये.
आमच्या कपाटातले सगळे टॉवेल सेकंडचेच,
मीच गोल केलेले, निम्म्या भावात मीच आणलेले.
पोरगी त्यांच्यातच गुंडाळून वाढली.

आज रात्रपाळी आहे.
चपला घालायला बसलो, तर पिल्ली मांडीवर आली.
बोटं आपसूक फिरायला लागली,
कान, मान, बरगड्या.
शेपटीच्या बुडाशी एक बोट थांबलं.
ती घुरघुरत होती.
डबा भरलाय, सुगुणा आतून म्हणाली,
निघा, उशीर होतोय.